गुणवंती जेवली का?

वच्छला गेली उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत. माझं वाचन गेलं ते मात्र गावाला श्रावणात कळलं, मारुतीच्या देवळात, सगळ्यांसमोर.

चिचटोल्यात श्रावणभर पोथी लागते. दिवसभर चिखलात धानाचा रोवणा करून आलेली माणसं हातपाय धुऊन देवळात बसतात आणि मी वाचतो. चौथी शिकलोय, आवाज दांडगा आहे. तरुणपणी एकदा मला पाटावर बसवलं ते कायमचंच. वच्छला गेली त्या साली इसरू पाटलांनी आधी विचारलं होतं, "सोमाजी, औंदा जमंल का गा तुले? नाई तं राहू दे."

"बायको मेली पाटील, तोंड नाई मेलं," मी म्हणालो.

असं बोलून बसलो आणि पहिला अध्याय अर्धा होतो न होतो तोच अडकलो. एक ओवी वाचली. पुढची वाचायला गेलो तर तीच परत वाचली. लोकांना वाटलं, मी मुद्दाम घोळवतोय. म्हातारा चैतू तर हात जोडून डोलायला लागला. तीच ओवी पुन्हा आली तेव्हा त्याचे हात हळूच खाली गेले. मला अक्षरं स्वच्छ दिसत होती. तोंडातून शब्दही बरोबर निघत होते. पण एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध लागत नव्हता. देव कुठं चालला होता, कोणाशी बोलत होता, काही कळेना. मी थांबलो. देवळामागच्या बोडीच्या पाण्यातल्या बेडकांचा आवाज तेवढा राहिला.

अध्याय अर्धवट सोडायचा नसतो. तो पुरा झाल्याशिवाय नारळ फुटत नाही आणि नारळ फुटल्याशिवाय कोणी घरी जात नाही. म्हणून पाटलांनी नथ्थूला उठवलं. नथ्थू त्यांचा पुतण्या, मूल गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मला पाटावरून उठावं लागलं. त्यानं पळत सुटल्यासारखा अध्याय संपवला. मी माणसांत खाली बसून ऐकला. तोही माझ्या डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया बोलत होत्या, सोमाजीचं डोकं गेलं. पुरुषांचं म्हणणं निराळं होतं. ते म्हणाले, नजर गेली. बायको मेल्यावर माणूस रडतो आणि रडल्यानं नजर जाते. मी रडलो नव्हतो, पण हे कोणाला सांगत बसणार? मूलच्या बाजारात नागपूरचा एक चष्मेवाला पेटी घेऊन बसतो. तिथं गेलो.

त्यानं नाकावर एक काच चढवली, हातात छापील कागद दिला. "वाचा."

मी खाडखाड वाचला. त्यानं काच बदलली. तोही वाचला. मग त्यानं काचा काढूनच घेतल्या आणि बारीक अक्षरांचा कागद पुढे केला. मी तोही वाचला. आजूबाजूला माणसं जमली होती.

"बुवा, तुमची नजर तं घारीची आहे," तो म्हणाला. "चश्मा कायले पायजे?"

"दिसते सगळं. आत नाई जात."

"कुठी आत?"

मी डोक्याला हात लावला. तो हसला. वाईट नाही हसला. "आत जायची काच माझ्यापाशी नाई ना, बाप्पा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परत येताना रस्ताभर मी स्वतःशी भांडत होतो. माझा बैल लंगडला असता तर मी त्याला घरी बांधून ठेवला असता का? हळूहळू चालवलाच असता. मग डोक्याला वेगळा न्याय का? मी ठरवलं, पोथी गेली तर जाऊ दे. आपण घरचं पुस्तक वाचू. ते पुरं करू. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

घरचं पुस्तक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

दर शिवरात्रीला मी आणि वच्छला मार्कंड्याच्या जत्रेला जायचो. देवाचं दर्शन झालं की वैनगंगेच्या वाळूत पुस्तकांची दुकानं लागलेली असत, तिथं जायचो. तिला अक्षर येत नव्हतं. पण पुस्तक तीच निवडायची. हातात घ्यायची, वजन बघायची, चित्र बघायची, भाव करायची. मग ते वर्षभर पुरवायचं. कामं आटोपली की अंगणात ती चिंच फोडत बसे, नाहीतर मोहफुलं निवडत बसे, आणि मी वाचत असे.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार भरणारा लागतो. सांगणारा एक वाक्य बोलला की ऐकणारा "हं" म्हणतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. लेकरं बोलायच्या आधी हुंकार भरायला शिकतात. वच्छला पुस्तकालाही हुंकार भरायची. तिच्या लेखी पुस्तक काय नि गोष्ट काय, एकच. वाक्य संपलं की "हं." तिला पटलं नाही की हुंकार यायचा नाही, तिथं भांडण यायचं.

शेवटच्या शिवरात्रीला आणलेलं पुस्तक जाड होतं. त्यात गुणवंती नावाची एका सरदाराची लेक होती. बापाला शत्रूनं कैदेत टाकलेलं, आणि ही पुरुषाचा वेश करून घोड्यावर बसून त्याला सोडवायला निघालेली. पानंच्या पानं घोडा पळतच होता. एक दिवस वच्छलानं हातातली चिंच खाली ठेवली.

"आयका ना. हे पोट्टी जेवते कधी?"

"लिवलं नाई."

"चार गावं मागं पडले. पोटात काई नाई. घोडाही उपाशी. लिवणाऱ्याले कोनी घरी जेवाले देत नसंल काय?"

"ते गोष्ट आहे. तिथी जेवण कायले पायजे?"

"मंग मी नाई आयकत."

ती खरंच ऐकेना. तेव्हा मी पुस्तकाकडे बघून वाचल्यासारखं केलं, "मग गुणवंतीने एका झाडाखाली घोडा बांधला आणि तांदळाची भाकर अन् सुकसीची चटणी खाल्ली." वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. सरदाराची लेक वाळलेल्या मासळीची चटणी खाते, हे तिला खरं वाटलं नसणार. पण ती म्हणाली, "हं." तेव्हापासून मी गुणवंतीला रोज जेवू घालत होतो. कधी आंबील, कधी भात आणि लाखोळीची डाळ. एकदा तर मी तिला बोडीतले खेकडेही खाऊ घातले.

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि वच्छलाला ताप भरला. ताप डोक्यात गेला आणि ती गेली. गुणवंती किल्ल्याच्या तटाखाली उभी राहिली होती, ती तिथंच राहिली.

चष्मेवाल्याकडून आलो त्या दिवसापासून मी ते पुस्तक उघडून बसायला लागलो. शेतावरून आलं की अंगणात, उजेड आहे तोवर. मनात वाचून पाहिलं. पान संपायचं आणि मला कळायचं की मी वखराच्या पासेचा, त्या लोखंडी पात्याचा, विचार करत होतो. पुन्हा वर यायचो. पुन्हा पासच. मग मोठ्यानं वाचून पाहिलं. बोटानं ओळ धरून पाहिलं. एक वाक्य वाचायचो आणि थांबायचो. कशासाठी थांबतोय ते मलाच कळत नव्हतं. थांबलं की सगळं सांडून जायचं. परत पहिल्यापासून.

मी पुस्तक आपटलं नाही. एवढं मात्र सांगतो. हात शिवशिवले, पण आपटलं नाही.

पितरांचा पंधरवडा लागला तसे इसरू पाटील घरी आले. बाजेवर बसले. पाणी प्याले. मग त्यांनी फडताळातल्या पुस्तकाकडे मान केली.

"तेच का ते?"

"तेच."

"वच्छलाबाईचं लुगडं, बांगड्या, चोळी, सगळं दिलं ना तू?"

"दिलं."

"मंग हे काऊन ठेवलं? अर्धी आयकलेली गोष्ट आहे ते. मेलेल्या माणसाचा जीव अडकते त्याच्यात. तुयं डोकं कशानं गेलं, तुले समजत नाई. साऱ्या गावाले समजते. सर्वपित्रीले नदीत सोडून दे. ते मोकळी होईल आन तूही."

"मोकळा होऊन काय करू?"

"पाट लाव. सिंदेवाहीकडं एक बाई आहे, नांदती होती, नवरा वारला. तुयं वय काई गेलं नाई. जेवण तं मिळंल आयतं."

"जेवण मले येते करता."

"सोमाजी, लोकं चांगल्यासाठीच म्हंतात गा."

"मी नाई कुठी म्हंतो? पण पुस्तक पुरं झाल्याबिगर ते कुठी जात नाई."

"पुरं कसं करशीन? तुले येक पान वाचता येत नाई."

पाटील उठले. जाताना म्हणाले, सर्वपित्रीला सकाळी ते टोपली घेऊन येतील, नदीवर सगळेच जाणार आहेत. आणि मी बघत राहिलो की हा माणूस माझ्या घरातली वस्तू न्यायचा दिवस मला सांगून गेला आणि मी हात जोडले.

त्या दिवशी मी वाचायला बसलो तो रागानं बसलो. रागानंही वाचता येत नाही. गुणवंती तटाखाली उभी, वर मशाली, पहारेकरी. हे पान मी किती दिवस वाचत होतो देव जाणे. वाचलं, थांबलो, सांडलं. पुन्हा वाचलं.

"सोमाभाऊ!" कुंपणापलीकडून आवाज आला. "त्या पोट्टीले किती रोज उभी ठेवता तिथी? पाय मोडले असतीन तिचे!"

आमच्या आणि रुखमाबाईच्या अंगणात बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण आहे. रुखमाबाई ढिवराची. नवरा वैनगंगेच्या पुरात गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा मासे मारतो, ती जाळी विणते, फाटलेली सांधते. वच्छलाचं आणि तिचं बोलणं होतं, माझं कामापुरतं.

"तुमी आयकून राह्यल्या काय?" मी विचारलं.

"मंग कान काय घरात ठेवून येऊ? तुमचा आवाज काय लहान आहे?"

"कवापासून आयकता?"

"कवापासून म्हंजे? तुमी वाचता तवापासून. येक ते चोराचं होतं, ते आयकलं. मंग ते दोन बहिनीचं, ते मले नाई आवडलं. लिवणाऱ्यानं उगाच धाकटीले मारलं."

दोन बहिणींचं पुस्तक आम्ही लेकीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी आणलं होतं. लेक वडशाला दिली, तिला आता दोन मुलं आहेत. कुंपणातून तिच्या बांबूच्या सुईचा आवाज येत होता.

"आन मले सांगा," ती म्हणाली, "आताशा ते पोट्टी जेवत काऊन नाई?"

"काय?"

"आधी जेवे. भाकर खाये, आंबील पिये. खेकडे खाल्ले तवा मी हासली, पण म्हटलं चांगलं आहे, मोठ्या घरची असून खेकडे खाते. आता तुमी पानंच्या पानं वाचून राह्यले, तिच्या पोटात दाणा नाई. उपाशी पोटानं तट चढते काय कोनी? म्हनूनच उभी आहे ते."

मी पुस्तकाकडे पाहिलं. तिला खरं सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी वाचायच्या आवाजात म्हणालो, "तेव्हा गुणवंतीने कमरेची शिदोरी सोडली आणि गूळ-पोहे खाल्ले."

"हं," कुंपणापलीकडून आलं.

मी पुढचं वाक्य वाचलं. ते छापलेलं होतं. गुणवंतीनं दोर वर फेकला.

"हं."

दोर कंगोऱ्यात अडकला.

"हं. मंग?"

मी पान उलटलं. ते पान उलटलं तेव्हा मला कळलं की मी पान उलटलं आहे. मागच्या पानावर काय झालं ते मला ठाऊक होतं, पुढच्या पानावर काय होईल ते जाणून घ्यायचं होतं. अंधार पडेपर्यंत मी वाचत राहिलो. फार नाही वाचलं. रुखमाबाईचा हुंकार वच्छलासारखा नव्हता. वच्छलाचा वाक्याच्या शेवटाला चिकटून यायचा, मऊ. हिचा उशिरा यायचा, गाठ मारून झाली की, आणि मोठा, गड्याला हाक मारावी तसा. मला तीनदा ठेच लागली. पण मी चाललो.

नंतर जेवताना मला एकेक आठवत गेलं. देवळात पोथीला कोणी हुंकार भरत नाही. पोथी म्हणजे देवाचं काम, तिथं लोक गप्प बसतात. वच्छला मात्र मागं खांबाजवळ बसायची आणि हळूच "हं" म्हणायची. बाया तिला कोपरानं ढोसायच्या. पाटलांनी एकदा मला निरोपही धाडला होता की घरच्या सवयी देवळात नकोत. मी तिला तो निरोप सांगितला. ती म्हणाली, "देवाले काय माहीत, कोनी आयकून राह्यलं का नाई? सांगाव लागते." आणि भरतच राहिली. मला वाटायचं, मी तिला वाचून दाखवतो. पोथी मी वाचतो, पुस्तक मी वाचतो, ती आपली ऐकते. डोळे माझे होते, एवढं खरं.

गावाला बातमी लागायला वेळ लागला नाही. विधुर अंगणात बसून वाचतो आणि कुंपणापलीकडून विधवा "हं, मंग?" म्हणते. आमच्या गावाला याहून जास्त काय पाहिजे? नथ्थूनं मला पारावर गाठलं.

"काका, आयकलं का, आता तुमचं प्रवचन कुंपणातून चालते म्हंतात."

"होय. तूही ये. तुयाही डोक्यात काई शिरंल."

हसले सगळे, पण मला राग आला होता. माझं राहू दे. रुखमाबाईच्या सुनेनं तिला दोन शब्द ऐकवले होते, ते मी कुंपणातून ऐकले होते. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई अंगणात आली नाही. मी वाचायला बसलो आणि गुणवंती पुन्हा तटावर लटकली.

मग मी कोयता आणला. भर दुपारची वेळ, रस्त्यानं माणसं ये-जा करत होती. मधल्या खांबांच्या दोऱ्या कापल्या आणि एक अख्खं तट्टं काढून रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. बैलगाडी जाईल एवढं भगदाड झालं. रुखमाबाईची सून पदर तोंडाला लावून बघत उभी.

"मामंजी, हे काय करून राह्यले?"

"लपून वाचत होतो म्हंतात. आता उघड्यावर वाचतो. तुया सासूले सांग, गुणवंती लटकून आहे. आन तूही बस. भाजी इथीच निवड."

रुखमाबाई घरातून बाहेर आली. भगदाड पाहिलं. जाळं उचलून आणलं आणि आपल्याच अंगणात, आपल्याच ओट्यावर बसली. "तट्टं बांधाले दोर माझा लागंल, ध्यानात ठेवजा," ती म्हणाली. मग सुनेकडे वळून, "बस व. हे पोट्टी बापाले सोडवाले निंगाली आहे. तिच्या बापाची चूक होती, पण ते सोड."

सून बसली नाही. पण भांडी घासायला ती बाहेरच बसली.

सर्वपित्रीला सकाळी मी पान वाढलं. भात, वडे, कढी, गवारीची भाजी. वच्छलाला गवार आवडायची नाही, पण रीतीला लागते. कावळा आला, जेवला, उडाला. तेवढ्यात इसरू पाटील टोपली घेऊन आले. मागे नथ्थू होता, चैतू होता, आणखी पाच-सहा माणसं. पाटलांनी आधी भगदाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आन, सोमाजी."

मी पुस्तक आणलं. पण दिलं नाही. बाजेवर बसलो आणि उघडलं.

"पाटील, बसा. येक पान आयका. मंग बोलू."

"मले उशीर होते."

"नदी कुठी पळून नाई जात. तुमी म्हंता मले वाचता येत नाई. भर देवळात तुमीच मले उठवलं. मंग येक पान तं आयकलंच पायजे."

चैतू बसला. तो बसला म्हणून बाकीचे टेकले. पाटील हाताची घडी घालून उभेच राहिले. पलीकडे ओट्यावर रुखमाबाईनं जाळं मांडीवर घेतलं.

मी वाचायला सुरुवात केली. गुणवंती तट उतरून आत गेली होती. अंधारकोठडीच्या दारापाशी आली होती. दार उघडायला किल्ली नव्हती आणि मागून पावलं वाजत होती. रुखमाबाईचा हुंकार येत होता, उशिरा, मोठ्यानं. मी त्याच्या चालीनं चाललो होतो. एका ठिकाणी पावलं अगदी जवळ आली आणि मी दम घ्यायला थांबलो. रुखमाबाईचा दोरा गुंतला होता, ती दातानं गाठ सोडवत होती. तिचा हुंकार आला नाही.

"हं," पाटील म्हणाले.

कोणी हसलं नाही. पाटलांचं त्यांनाच कळलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. पण लहानपणापासून हाडात बसलेलं, ते काय करणार? मी पुढचं वाक्य वाचलं. पावलं कैद्याला भाकरी देणाऱ्या म्हातारीची होती. हे मी घातलेलं नाही. लिहिणाऱ्यानंच लिहिलं होतं. या पुस्तकात भाकरी आली ती एवढीच.

"पाहा!" रुखमाबाई ओरडली. "म्हटलं नव्हतं?"

पान संपलं. मी पुस्तक मिटलं. पाटलांनी टोपली पुढे केली.

"वाचलं तू. मी नाई म्हंत नाई. पण हे वस्तू मेलेल्या माणसाची आहे. नदीत गेलीच पायजे. रीत आहे."

"नदीले वाचता येते काय, पाटील?"

"येडा हो नको."

"लुगडं दिलं, कोनीतरी नेसलं. बांगड्या दिल्या, कोनीतरी भरल्या. पुस्तक तिचं होतं, आयकाचं. ते आयकून राह्यले लोकं. याच्याहून कसं देऊ?"

"गावाच्या विरोधात जाशीन तं पोथीचा पाट परत नाई भेटनार."

"मी तो मागितलाच नाई. देवळात लोकं मुके बसतात. मुक्यायपुढं मले वाचता येत नाई. जवा हुंकार भरू द्यान, तवा बोलवा."

पाटील निघाले. टोपलीत दुसऱ्यांच्या घरच्या वस्तू होत्या, त्या घेऊन नदीवर गेले. चैतू मात्र बसूनच राहिला. "म्हातारी किल्ली देते का नाई?" त्यानं विचारलं.

धान कापणीला आला तोवर पुस्तक संपलं. शेवटी शेवटी अंगणात सात-आठ माणसं असायची, दोन्ही बाजूंनी. रुखमाबाईच्या सुनेचा हुंकार चांगला आहे, वेळेवर येतो. गुणवंतीचा बाप सुटला, तिचं लग्न ठरलं, आणि लिहिणाऱ्यानं तिथं पुस्तक संपवलं. लग्नाच्या पंगतीबद्दल एक अक्षर नाही. मी शेवटचं पान मिटायच्या आधी पंगत वाढली. भात, वरण, वडे, सुकसी, खेकडे, सगळं. गुणवंती पोटभर जेवली. रुखमाबाईनं "हं" म्हटलं आणि सुई खाली ठेवली.

पाटलांनी मला पोथीला बोलावलं नाही. पुढच्या श्रावणातही नथ्थूच वाचत होता, पळत सुटल्यासारखा. मी गेलो नाही. मी येणार नाही असं कळवलंही नाही. त्यांना ठाऊक आहे माझं घर कुठं आहे.

यंदाच्या शिवरात्रीला मी एकटा मार्कंड्याला गेलो. वाळूतल्या दुकानात एक पुस्तक उचललं, वजन बघितलं, भाव केला. दुकानदार म्हणाला, "येवढं जाड कोन वाचंल?" मी म्हणालो, "मी."

हे पुस्तक मी कोणाला वाचून दाखवणार नाही. अंगणासाठी दुसरं आणलंय, पातळ. हे मी एकटा वाचणार आहे, मनात, तोंड मिटून, वच्छला भेटायच्या आधी वाचत होतो तसं. रोज शेतावरून आलो की उघडतो. वाक्य संपलं की अजून थांबतो.

पहिलं पान अजून झालेलं नाही.